कुठे बसायचे?

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला मंडई म्हटले की भाजीबाजार आठवतो, म्हणून आधीच सांगून टाकतो की पूर्व विदर्भातली मंडई म्हणजे जत्रा. हलके धान कापून झालेले असते, भारी धान अजून उभे असते, आणि मधल्या या थोड्या दिवसांत गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत गावोगाव ओळीने मंडया भरतात. शेजारच्या दोन गावांच्या मंडया एकाच दिवशी येऊ नयेत एवढी काळजी घेतलेली असते. सासरी गेलेल्या मुली माहेरी आलेल्या असतात, घरोघर पाहुणे असतात, लग्नाच्या गोष्टी निघतात, दिवसा गोवारी नाचतात आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक असते. नाटक रात्री दहाला सुरू झाले तर पहाट झाल्याशिवाय संपत नाही. मोठ्या शहरांतून आता तिकीट काढून आत जायची करमणुकीची उद्याने झाली आहेत. आमचे उद्यान हे असे, बिनतिकिटाचे आणि बिनकुंपणाचे.

या लेखाचा विषय मात्र मंडई नाही. विषय त्याहून पुष्कळ लहान आहे. मंडईत गेलेल्या नवरा-बायकोने संध्याकाळी खायला कुठे बसायचे, एवढाच. विषय क्षुल्लक आहे हे मान्य. मलाही तो पंचेचाळीस वर्षे क्षुल्लकच वाटत होता.

माझे लग्न १९७७ साली झाले. तेव्हा गोंदिया हा भंडारा जिल्ह्यातला एक तालुका होता; स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. मी नुकताच एका खेड्यातल्या हायस्कुलात मास्तर झालो होतो. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर बायकोला सायकलच्या कॅरिअरवर बसवून चार कोसांवरच्या बाजारगावी मंडईला नेले. जोडप्याने दोघांनीच कुठे जाणे त्या काळी आमच्याकडे रुळलेले नव्हते. मंडईला बायका बायकांबरोबर जात, पुरुष पुरुषांबरोबर. तेव्हा माझ्या या कृतीत थोडे धाडस होते, आणि त्या धाडसाचा मला थोडा अभिमानही होता.

हाताने फिरवायचा लाकडी पाळणा झाला, बांगड्या झाल्या, दिवस मावळायला आला. मी विचारले, "काही खायचं का? कुठे बसायचं?"

ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तिथे जी."

चौकात एक पक्के हॉटेल होते. (आमच्याकडे चहा-फराळाच्या कोणत्याही दुकानाला हॉटेल म्हणतात.) बाहेर लाकडी बाके, आत गल्ला, आणि मागच्या बाजूला फळ्या ठोकून केलेल्या दोन खोपट्यांएवढ्या खोल्या. त्यांना हिरवे पडदे. वर पाटी होती, ‘कुटुंबासाठी स्वतंत्र सोय’. आम्ही त्या स्वतंत्र सोयीत जाऊन बसलो. आलूबोंडे, जिलेबी आणि दोन चहा. पडद्याच्या पलीकडून पाळण्याची करकर, डफाचा आवाज, माणसांचा गलबला ऐकू येत होता. पोराने बश्या आणून ठेवल्या आणि जाताना पडदा नीट सारून घेतला. आपण बायकोला मानाने वागवतो आहोत, असे मला त्या क्षणी मनापासून वाटले. जमिनीवर फारी टाकून भजी खाणाऱ्या गर्दीत तिला बसावे लागले नाही. मास्तराची बायको मास्तराच्या बायकोसारखी बसली.

त्यानंतर बहुतेक दर दिवाळीला आम्ही त्या मंडईला गेलो. मुले झाली तेव्हा मुलांना घेऊन गेलो, ती मोठी होऊन बाहेर पडल्यावर पुन्हा दोघेच गेलो. दर वेळी मी विचारी, "कुठे बसायचं?" दर वेळी ती म्हणे, "तुम्ही म्हणाल तिथे." आणि दर वेळी आम्ही त्या हिरव्या पडद्यामागे जाऊन बसू. पडदे बदलले, फळ्यांच्या जागी विटा आल्या, बाकी सारे तसेच होते. माझ्या हिशेबाने आम्ही तिथे निदान तीस वेळा बसलो असू.

साथीच्या दिवसांत ते हॉटेल बंद पडले. २०२२ च्या मंडईला गेलो तेव्हा त्या जागी मोबाइलचे दुकान होते. मी सवयीने चौकात येऊन उभा राहिलो, सवयीने विचारले, "कुठे बसायचं?" आणि वळायला जागाच नाही असे पाहून तसाच थांबलो. बायको काही न बोलता चालू लागली. ती सरळ मैदानाच्या कडेला गेली. तिथे एक बाई उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसली होती आणि तिच्या शेजारी एकाने भज्यांची कढई मांडली होती. हिने शिंगाड्यांचा पुडा घेतला, भजी सांगितली, फारीवर मांडी घातली आणि पाळण्याकडे तोंड करून खायला सुरुवात केली. आमचा तलावांचा मुलुख; ढिवर लोक तलावांत शिंगाडा लावतात, आणि दिवाळीच्या सुमारास तो बाजारात येतो. वरून काळा, काटेरी. सोलला की आत पांढरा. तो सोलण्याचे कसब हिच्या बोटांत होते हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. बसल्या बसल्या ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना न्याहाळत होती, ओळखीच्या बायकांना हाका मारत होती. मी शेजारी अवघडून बसलो.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "इथंच बसायचं राहायचं मला."

मी म्हणालो, "मग कधी बोलली का नाहीस? मी तर दर वर्षी विचारत होतो."

"विचारत होते जी तुम्ही. पण तुमचे पाय आधीच तिकडे वळलेले राहायचे."

आणि मग, शिंगाडा सोलता सोलता, "एकदा म्हटलं होतं. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी. तुम्ही म्हणाले, ‘तिथे?’"

मला हे अजिबात आठवत नाही. आजही आठवत नाही. तिला मात्र त्या एका शब्दाचा सूर चाळीसहून अधिक वर्षे आठवत होता. तक्रार करायची म्हणून ती हे बोलली नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या जुन्या वर्षीच्या पावसाबद्दल बोलावे तशी ती बोलली. त्यामुळेच ते मला अधिक लागले. ती मंडई पाहायला येत होती आणि मी दर वर्षी तिला पडद्याआड बसवत होतो.

घरी आल्यावर मी स्वतःच्या बाजूने वकिली करून पाहिली. मी विचारले होते, ही गोष्ट खरी. तिने सांगितले नाही, हीही खरी. सज्ञान माणसाने विचारल्यावर आपली इच्छा सांगू नये, तर त्याचा दोष विचारणाऱ्याकडे कसा जातो? दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची विद्या कुणाला अवगत नसते. प्रश्न विचारला, उत्तर मिळाले, त्याप्रमाणे वागलो. कोणत्याही न्यायालयात मी सुटलो असतो.

पण न्यायालयात प्रश्नाचे शब्द पाहतात, पाय कुठे वळले होते ते पाहत नाहीत. विचारणे ही क्रिया आपण समजतो तेवढी सोपी नाही. जे उत्तर येईल ते सोसण्याची तयारी असल्याशिवाय विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नव्हे. ती घोषणा असते, शेवटी फक्त प्रश्नचिन्ह असते. शिवाय आणखी एक गोष्ट. त्या पहिल्या मंडईत माझ्या खिशात किती पैसे होते हे तिला ठाऊक नव्हते, आणि मी सांगितलेही नव्हते. पैशाचे बायकोला सांगू नये असा आमच्या घरचा शिरस्ता होता. ज्याला खिसा माहीत नाही त्याने काय मागावे? थोडे मागितले तर आपली किंमत कमी, जास्त मागितले तर नवऱ्याची फजिती. अशा वेळी ‘तुम्ही म्हणाल तिथे’ हेच शहाणपणाचे उत्तर. मी त्याला तिचा गोड स्वभाव समजत होतो.

हा गोड स्वभाव आपल्याकडे फार जुना आहे. महाभारताच्या वनपर्वात सत्यभामा द्रौपदीला विचारते की पाच पतींना तू कसे वश केलेस. द्रौपदी आपली दिनचर्या सांगते, आणि त्यात असे सांगते की पती जेवल्याशिवाय मी जेवत नाही आणि पती जे खात नाही, पीत नाही, ते मीही वर्ज्य करते. लहानपणी हा संवाद ऐकताना मला त्यात पातिव्रत्याचे तेज दिसले होते. आता दिसते ते असे की या बाईच्या आवडीनिवडीची यादी दुसऱ्याच्या यादीवरून, तीही त्यातल्या नकारांवरून तयार झालेली आहे. त्याच वनपर्वात सूर्याने दिलेल्या थाळीची कथा आहे. द्रौपदी जेवेपर्यंत त्या थाळीतले अन्न संपत नसे. ती जेवली की त्या दिवसापुरते संपले. दुर्वास ऋषी शिष्यांचा तांडा घेऊन आले ते नेमके ती जेवल्यानंतर, आणि पुढे कृष्णाला धावावे लागले. ही कथा आपण कृष्णाच्या लीलेसाठी सांगतो. पण जिने घास घेतला की साऱ्यांचे जेवण संपते, त्या बाईला ‘मला भूक लागली आहे’ हे म्हणायचे धैर्य कोठून येणार? वनवासाच्या बारा वर्षांत तिला काय खावेसे वाटले याबद्दल व्यासांनी काही लिहिल्याचे मला स्मरत नाही.

इथवर मी दोष स्वतःकडे घेतला, आणि दोष घेण्यातही एक सुख असते हे कबूल केले पाहिजे. पण पुढे एक गोष्ट ध्यानात आली तेव्हा ते सुखही गेले. मी स्वतःला विचारले, त्या पडद्यामागे बसायला तुला तरी आवडत होते का? खरे उत्तर ‘नाही’ असे आले. आत कोंदट असे. घासलेटाचा वास येई. बाहेर खडी गंमतवाले हालगी कसायला लागले की माझे चित्त तिकडे जाई. लहानपणी मी याच मैदानावर बापाच्या मांडीवर बसून भजी खाल्ली होती. म्हणजे मलाही फारीवरच बसायचे होते.

जेरी हार्वे नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात आपल्या सासुरवाडीची हकीकत सांगितली आहे. टेक्सासमधले कोलमन हे लहानसे गाव, उन्हाळ्याची दुपार, घरची माणसे सावलीत बसून डॉमिनो खेळत आहेत. सासरे म्हणतात, चला, ॲबिलीनला जाऊन जेवू. ॲबिलीन तेथून ५३ मैल. बायको म्हणते, छान कल्पना. जावई म्हणतो, सासूबाई येणार असतील तर माझी हरकत नाही. सासूबाई म्हणतात, अर्थात येणार. धुळीतून, उन्हातून जुन्या मोटारीने १०६ मैलांची खेप करून, वाईट जेवण जेवून चार तासांनी मंडळी परत येतात, आणि मग हळूहळू उघड होते की कोणालाच जायचे नव्हते. सासऱ्यांनासुद्धा नव्हते, बाकीचे कंटाळले असतील असे वाटून त्यांनी आपले सुचवले होते. हार्वे यांनी यातून संस्थांच्या कारभाराविषयी बोध काढला, आणि तो पुढे व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून गाजला. मला त्या गोष्टीतले जेवणच अधिक महत्त्वाचे वाटते.

ॲबिलीनला जायचे कोणालाच नव्हते आणि तरीही मोटार निघाली. मग मोटार चालवीत होते कोण? आमच्या बाबतीत मी याचे उत्तर देऊ शकतो. त्या पडद्यामागे आम्हाला माझ्या शाळेतली पोरे, त्यांचे बाप, मुख्याध्यापक, माझे दोन चुलते आणि ‘लोक काय म्हणतील’ या नावाचा एक अदृश्य गृहस्थ असे सर्वजण मिळून बसवीत होते. मान तिचा म्हणून मी जो जपत होतो तो माझा होता. तिला गर्दीत बसावे लागू नये, याचा अर्थ तिला गर्दीत बसलेले कुणी पाहू नये. तीस वर्षे दोन माणसे एकमेकांसाठी म्हणून अशा जागी बसली, जी दोघांनाही नको होती. बिल मी देत होतो, एवढाच काय तो फरक.

मुलीला हे सांगितले तेव्हा ती हसली. ती आणि जावई पुण्याला असतात. गेल्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनीच जायचे ठरवून त्यांनी नातू आमच्यापाशी ठेवला. २०१३ साली खोपोलीजवळ ‘इमॅजिका’ म्हणून मोठे उद्यान सुरू झाले आहे, तिथे जायचे होते. त्यांच्या भाषेत याला ‘डेट’ म्हणतात, लग्नानंतरही म्हणतात. आत खाण्याच्या जागा अनेक. आदल्या रात्री दोघे फोनवर त्या जागांची चित्रे आणि परक्या लोकांनी दिलेल्या चांदण्या पाहत बसले. "तुला काय आवडेल?" "तू सांग." "मला काहीही चालेल." "मग तूच सांग ना." तासभर हे चालले. त्यांच्यात खिशाची लपवाछपवी नाही. दोघे मिळवतात, दोघांना दोघांचे पगार पाठ आहेत. पडदा नाही, मास्तरकी नाही, चुलते नाहीत. तरीही पहिला शब्द उच्चारायला दोघेही भीत होते. जागा वाईट निघाली तर दोष आपल्यावर येऊ नये, एवढीच धडपड. शेवटी ज्या जागेला जास्त चांदण्या होत्या ती ठरली. म्हणजे आमच्या जागी चुलते होते, त्यांच्या जागी चांदण्या आल्या.

पण एक फरक होता, आणि तो मी लपवणार नाही. यादीतले एक नाव आले तेव्हा मुलगी पटकन म्हणाली, "ते मला नको." कारण दिले नाही, आवाज खाली केला नाही. मला क्षणभर ते उर्मट वाटले. जावई "बरं" म्हणाला आणि बोट पुढे सरकवले. मी बायकोकडे पाहिले. ती नातवाला भरवत होती, पण तिचे लक्ष तिकडेच होते.

आमच्या जिल्ह्यात सारस पक्षी आहेत. धानाच्या बांध्यांतून ते जोडीजोडीने चरताना दिसतात, आणि जोडीदार एकदा पत्करला की तो जन्मभराचा, अशी त्यांची ख्याती आहे. लग्नातल्या भाषणांतून त्यांची उपमा हटकून येते. मीही ती दोन-तीनदा दिली आहे. सारसांची एक सोय आहे हे तेव्हा ध्यानात आले नव्हते. दोघांना एकाच बांधीत चरायचे असते, आणि जे मिळेल ते खायचे असते.

२०२२ नंतर मी सुधारायचे ठरवले. सुधारलेला माणूस घरात किती त्रासदायक होतो याचा अनुभव घरच्यांना विचारावा. बाजाराला निघालो की मी विचारी, काय आणू? गोंदियाला गेलो की विचारी, कुठे खाऊ या? हे की ते? पाय मुद्दाम सरळ ठेवून उभा राही. काही महिने तिने उत्तरे दिली. मग एक दिवस गोंदिया स्टेशनाबाहेर, उन्हात, ती म्हणाली, "आता दर वेळी मलाच कशाला धरता? मी थकली आहे. घेऊन चला कुठे तरी."

तिचे बरोबर होते. निवडणे हेही काम आहे, आणि मी माझे काम तिच्या डोक्यावर देऊन त्याला समता म्हणत होतो. वर्षानुवर्षे जिची इच्छा कुणी घेतली नाही तिच्याकडे एकाएकी इच्छांची मागणी करायची, आणि ती न आली तर पुन्हा तिलाच अपुरी ठरवायचे! आधी ती ‘तुम्ही म्हणाल तिथे’ म्हणत होती, आता मी म्हणू लागलो होतो. शब्द तेच होते, फक्त ते मोठेपणाचे वाटत होते. त्यात माझ्या अंगावर काही येत नव्हते, हे त्यातले खरे. जो स्वतःची आवड कधी उघडी करत नाही तो उदार असेलच असे नाही. पुष्कळदा तो नुसता सुरक्षित असतो. त्या दिवशी मी तिला घेऊन समोरच्याच एका खानावळीत शिरलो. वरण जरा पातळ होते. ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही, आणि तरी त्या जेवणात पडदा नव्हता असे मला वाटले. हे का, ते मला नीट सांगता येत नाही.

मागच्या मंडईची गोष्ट सांगतो. पाळणा आता विजेवर फिरतो आणि त्याला रंगीत दिवे असतात. संध्याकाळी मैदानाच्या कडेला आलो तेव्हा मी विचारायच्या आत तिनेच विचारले, "तुम्हाला काय खायचं आहे?"

मी तोंड उघडले आणि उत्तर सापडेना. हे मला कुणी विचारलेच नव्हते. मी तर विचारणारा. मास्तराने काय खावे ते मला ठाऊक होते. मधुमेह होऊ घातलेल्या माणसाने काय खावे तेही ठाऊक होते. मला काय हवे होते, ते शोधायला मला बराच वेळ लागला. ती घाई न करता उभी होती. आजूबाजूला पालांतून धूर निघत होता, कुणीतरी ध्वनिक्षेपकावरून नाटकाची वेळ सांगत होते. मैदानाच्या पार टोकाला, चिखलाच्या पलीकडे, एक म्हातारा हातगाडीवर गुळाची जिलेबी तळत होता. तशी मी बापाबरोबर खाल्ली होती. मी तिकडे बोट केले.

तिने चिखलाकडे पाहिले, आपल्या नव्या लुगड्याच्या काठाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तिथे?" ती म्हणाली, आणि हसू लागली. मग काठ वर धरून माझ्यापुढे चालू लागली.